कंपनीचा की बाहेरचा

माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारतो: कंपनीचा की बाहेरचा? गाडीचा सायलेन्सर बदलायचा असतो. कारखान्यातून निघताना गाडीला जो होता तसाच हवा असेल तर तो कंपनीचा. दुसऱ्या कोणी बनवलेला, आपल्या हौसेचा, तो बाहेरचा. कंपनीचा मुकाट असतो. बाहेरच्यांतही काही गरीब स्वभावाचे असतात, पण त्यांच्यासाठी माझ्याकडे कोणी येत नाही. लोक येतात ते झोपलेली गल्ली उठवायला. गाडी पळाली नाही तरी चालेल, ओरडली पाहिजे. मीही बसवून देतो, कारण पोट सगळ्यांनाच आहे. पण संध्याकाळी माझं डोकं असं उठलेलं असतं, की घरी कोणी चमचा पाडला तरी मी खेकसतो आणि मग तासभर कोणी माझ्याशी बोलत नाही. तेवढीच शांतता.

त्यामुळे माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जेव्हा "मला आवाजाचा बसव" म्हणाले, तेव्हा यांना म्हातारचळ लागला असंच मला आधी वाटलं.

भावोजी गाडी चालवायला शिकवतात. सगळे त्यांना हळूमास्तर म्हणतात, तोंडावरसुद्धा. शिकणारा कितीही हळू चालवत असो, शेजारच्या सीटवरून ते "हळू, हळू" म्हणत राहतात. त्या सीटच्या पायाशी त्यांच्यासाठी वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच आहे. अर्ध्या गावाने गाडी त्यांच्याच हाताखाली शिकलीय. मीसुद्धा. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस लगेच ओळखू येतो, कारण तो गिअर बदलताना मान जराशी तिरकी करतो, दाराआडचं बोलणं ऐकत असल्यासारखी.

ती मान त्यांनीच तिरकी करायला लावलेली असते. त्यांची शिकवण्याची रीतच निराळी. पहिल्या दिवशी ते गाडी हलूच देत नाहीत. इंजिन सुरू करायचं, डोळे मिटायचे आणि बसायचं. "ऐका," म्हणतात. "ती सांगते तिला काय हवं ते. आपण मध्ये बोलायचं नाही." वेगाच्या काट्यावर त्यांनी जुन्या रुमालाची घडी खोचून ठेवलेली असते. काटा बघून गिअर बदलणाऱ्याचा त्यांना राग येतो. गाडी वेगात आली, इंजिनाचा आवाज चढला, की त्यांच्या गुडघ्यावरच्या हाताचं एक बोट वर उठायचं. बोट उठलं की गिअर बदलायचा. आधी नाही, नंतर नाही. काही दिवसांनी शिकणाऱ्याला बोटाकडे बघावं लागत नसे. बोट उठेपर्यंत त्याचा गिअर पडलेला असे, आणि मास्तर खिडकीबाहेर बघत स्वतःशीच हसत. त्यांच्या कौतुकाची मजल तेवढीच.

तर एके दिवशी ते गाडी घेऊन आले ती फटफटत. सायलेन्सर सडला होता. खालून बघितलं तर पत्र्याची चाळण झालेली, एका सांध्याला तर माझा अंगठा आरपार जात होता. हे काही आठवड्याभराचं काम नव्हतं. मी म्हणालो, "भावोजी, एवढे दिवस हे अंगावर काढलंत? गाडी बोंबलत होती की."

"बोंबलत होती का?" ते म्हणाले.

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांना मी कंपनीचा की बाहेरचा हे विचारलंसुद्धा नाही. हळूमास्तरांना बाहेरचा सायलेन्सर विचारणं म्हणजे आजोबांना कानात डूल घालता का विचारणं. त्यांच्या गाडीचा कंपनीचा सायलेन्सर माझ्याकडे होताच. सडका उतरवला, नवा चढवला, बोल्ट आवळले, गाडी खाली घेतली आणि म्हणालो, बघा सुरू करून.

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन लागलं. नव्या सायलेन्सरचं इंजिन लागतं तसं, मांजर उठून अंग ताणतं तेवढ्या आवाजात. आणि भावोजींनी पुन्हा किल्ली फिरवली.

ज्याने गाडी चालवलीय त्याला हा आवाज ठाऊक असतो. चालू इंजिनावर स्टार्टर मारला की दातावर दात घासतात आणि अंगावर काटा येतो. नवशिक्याकडून हे झालं तर भावोजी त्याला गाडीतून उतरवून चहा प्यायला पाठवायचे. ते काचेतून माझ्याकडे बघत होते आणि चेहऱ्यावर नुसता प्रश्न होता. "लागत नाहीये रे," ते म्हणाले, आणि किल्लीकडे परत हात गेला. मी धावत जाऊन खिडकीतून त्यांचं मनगट धरलं.

त्यांचा हात माझ्या हातात, आणि माझ्या दुसऱ्या हाताखाली टपाचा पत्रा थरथरतोय. त्यांनी माझ्या त्या हाताकडे बघितलं. मग स्वतःचा तळहात समोरच्या काचेवर टेकवला. मग किल्ली बंद केली.

दुकानामागे जुन्या टायरांची चळत आहे, तिथे आम्ही बसलो. भावोजी बोलायला लागले ते जमिनीकडे बघत. ऐकू येणं कधीपासून कमी झालं ते त्यांनाही सांगता येईना. बायकांचे आवाज आधी गेले, पातळ आवाज. समोर बसून बोललं तर ओठांवरून कळतं. गाडी मात्र ऐकू येत होती, अगदी आत्ता इथे येईपर्यंत. ते ऐकून मला हसावं की रडावं ते कळेना, कारण काय झालं होतं ते माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. इकडे कान कमी होत गेले, तिकडे सायलेन्सर सडत गेला. भोक जेवढं वाढलं तेवढा आवाज वाढला, आणि दोघांचं बरोबर जुळत गेलं. त्यांना वाटत होतं कान ठीक आहेत. गाडीला वाटत होतं मालकाची काही तक्रार नाही. आणि मी शहाण्याने नवा कोरा कंपनीचा बसवून तो संसार मोडला.

"यंत्र लावा ना कानाला," मी म्हणालो, त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन.

ते उठले आणि गाडीच्या खणातून रुमालाची पुरचुंडी घेऊन आले. यंत्र त्यात होतं. "लावलं की सगळंच येतं. वारा, हॉर्न, काच, सीटचा करकर आवाज. भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं. त्यात गाडी सापडत नाही मला." पुरचुंडी परत बांधत म्हणाले, "आणि मास्तरच्या कानात यंत्र दिसल्यावर कोण आपली पोरगी पाठवील शिकायला?"

"ताईला ठाऊक आहे?"

"नाही. सांगू नकोस. ती म्हणेल, बास झालं, घरी बसा." मग पहिल्यांदाच त्यांनी वर बघितलं. "हा मुकाट सायलेन्सर राहिला तर मी घरीच बसलो असं समज. गाडी ऐकू आली नाही तर मी शिकवू काय? त्या सीटवर नुसतं वजन म्हणून बसू? मला आवाजाचा बसव."

मी हो म्हटलं. माझ्यात वाद घालायची ताकद नव्हती, हे एक कारण. दुसरं म्हणजे त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. थोरल्या बहिणीचा नवरा, हक्काने मागू शकला असता, पण दर खेपेला रांगेत उभा राहिला.

मग एक गंमतच झाली. ते शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसले आणि मी एकेक बाहेरचा सायलेन्सर लावून इंजिन चढवत गेलो. पहिल्याला बोट हललं नाही. दुसऱ्याला हललं, पण उशिरा. पोरांच्या लाडक्या तिसऱ्याला मीच कानावर हात ठेवले, तर हे म्हणतात, "ही नुसती किंचाळते, बोलत नाही." शेवटी एक जाडा, खर्जातला लागला. आवाज चढला आणि गुडघ्यावरचं बोट टपकन उठलं, अगदी पूर्वीसारखं. "हा पाठीला कळतो," ते म्हणाले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना फार वर्षांत बघितलं नव्हतं. मी बोल्ट आवळले आणि कंपनीचा गुंडाळून फळीवर ठेवला.

पुढे गावाने जी थट्टा केली तिला सुमार नाही. हळूमास्तर निघाले की दोन चौक आधी कळायचं. कोणी म्हणालं, मास्तर शर्यतीत उतरणार आहेत. कोणी म्हणालं, उतारवयात रक्त सळसळायला लागलंय, ताईंना सांभाळायला सांगा. त्यांच्या इमारतीतल्या एका मावशींनी जिन्यात 'गाडीचा आवाज करू नये' अशी पाटी लावली. भावोजींच्या कानावर यातलं काही पडत नव्हतं, त्यामुळे ते एकटे मजेत होते. शिकणारेही खूश. आवाज एवढा स्पष्ट, की गिअर कधी बदलायचा ते दगडालाही कळावं.

हाल झाले ते माझे. ताईचे फोन सुरू झाले. तिला वाटलं हा सगळा माझाच कारभार, खपत नव्हता तो माल घरच्या माणसाच्या गळ्यात मारला. पण भांडण संपलं की ती वेगळंच बोलायला लागायची, आणि ते जास्त अवघड होतं.

"माझ्याशी बोलतच नाहीत रे. मी काही सांगितलं की नुसतं हं. स्वयंपाकघरातून हाक मारते तर ओ नाही. परवा अख्खी संध्याकाळ मी एकटीच बडबडले आणि हे पेपर वाचत बसले. सांगून सांगून तोंडाला फेस आला. पालथ्या घड्यावर पाणी."

"दमत असतील," मी म्हणायचो.

"दमते तर मीही. दमलेल्या माणसाला बायकोकडे बघताही येत नाही का?"

तिच्याशी खोटं बोलणं मला लहानपणापासून जमलेलं नाही. म्हणून मी गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवून द्यायला लागलो. दुकानात चिटपाखरू नसायचं.

मग पाळणाघरवाली बाई शिकायला लागली. चौकापलीकडे तिचं पाळणाघर आहे. मुलांना आणायला-सोडायला छोटी व्हॅन घ्यायची होती आणि ती तिला स्वतः चालवायची होती. बाई मेहनती, हुशार, आणि दिवसभर झोपलेल्या मुलांत वावरून आवाज अगदी बारीक झालेला. भावोजी म्हणायचे, आत्तापर्यंतच्या सगळ्यांत हिचा कान चांगला. पुढचं मला तिनेही सांगितलं आणि त्यांनीही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच होता, की तिने सांगितलेला अर्धा भाग भावोजींना ठाऊकच नव्हता.

शाळेमागच्या उतारावर गाडी चालली होती. बाईची चप्पल पायातून निसटली आणि ब्रेकच्या पेडलखाली जाऊन अडकली. ती म्हणाली, "मास्तर, ब्रेक दबत नाहीये." मास्तर समोर बघत होते. गाडीचा आवाज चढत होता, गोल, भरलेला, आणि ते त्याच्यात रमले होते. ती पुन्हा म्हणाली. मग ओरडली. मास्तरांचं बोट उठलं, आता गिअर बदला म्हणून. उताराच्या पायथ्याशी बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत बसल्या होत्या. बाईने एका हाताने स्टिअरिंग फिरवलं, दुसऱ्याने हँडब्रेक ओढला आणि गाडी कचऱ्याच्या डब्यावर घातली. डबा धक्क्याने बाकाशेजारी येऊन पडला. मास्तरांचा पाय त्यांच्या ब्रेकवर पोचला तेव्हा गाडी थांबलेलीच होती.

कोणाला काही झालं नाही. म्हाताऱ्या दोन शब्द बोलल्या असतील, तेही भावोजींना ऐकू आले नाहीत. बाई खाली उतरली, त्यांच्या बाजूला आली आणि काचेसमोर वाकून म्हणाली, "मास्तर, मी ओरडत होते हो." ते त्यांनी ओठांवरून वाचलं. आणि वर म्हणाली, "माफ करा, माझा आवाजच बारीक आहे."

भावोजी गाडी घेऊन थेट माझ्याकडे आले. पुढचा पत्रा दबलेला, एक दिवा फुटलेला. मी पाना हातात घेऊन बाहेर आलो. ते उतरले, दार लावलं आणि म्हणाले, "कंपनीचा बसव."

मी काय झालं ते विचारलं. त्यांनी सांगितलं, एवढ्या सपाट आवाजात, की मध्येच मला वाटलं हे दुसऱ्या कोणाचं सांगतायत. शेवटी म्हणाले, "गाडी ऐकायच्या नादात मी माणूस ऐकलं नाही. आणि तीच माझी माफी मागते."

"मधला एखादा बघू," मी म्हणालो. "इतका मोठा नाही, इतका..."

"बसव म्हटलं ना."

मी फळीवरचा सायलेन्सर काढला. काम तसं थोडंच होतं, पण मला उगीच वेळ लागत गेला. एक बोल्ट हातातून निसटला, पाना घसरून बोटाचं साल गेलं. ते तिथेच गाडीजवळ एका टायरवर बसून होते. खर्जातला सायलेन्सर खाली उतरवला तेव्हा तो अजून गरम होता. मला स्वतःचा राग येत होता, त्यांचा येत होता, त्या चपलेचाही येत होता. वाईट वाटत होतं हे सरळ सांगतो. ज्या माणसाने मला ऐकायला शिकवलं त्याला मी माझ्या हाताने मुकी गाडी परत देत होतो, आणि ते बरोबर होतं, म्हणून जास्त वाईट वाटत होतं.

काम संपत आलं तेवढ्यात ताई आली. उताराची बातमी तिला वाटेतच कोणीतरी दिली होती. ती माझ्याशी भांडायला आली होती हे चालीवरूनच दिसत होतं.

"बघितलंस? मी सांगत होते की नाही? तो भोंगा लावून दिलास, आता झालं समाधान? आणि यांना विचारते काय झालं, तर बसलेत पुतळ्यासारखे. हे बघ, आत्तासुद्धा." भावोजी तिच्याकडे पाठ करून बसले होते. "अहो, मी तुमच्याशी बोलतेय."

त्यांची पाठ हलली नाही.

माझ्याने राहवेना. "ताई, त्यांना ऐकू येत नाही."

"न ऐकायला काय झालं? मनात असलं की..."

"ऐकूच येत नाही. बरेच दिवस. तू मागून बोललीस तर काही म्हणजे काही येत नाही. म्हणून तो आवाजाचा बसवला होता, गाडी तरी ऐकू यावी म्हणून. आता तो काढून टाकलाय. शिकवणं बंद."

मला वाटलं आता माझी खैर नाही, इतके दिवस लपवलं म्हणून. पण तिने जे विचारलं ते मला कधीच सुचलं नसतं.

"नक्की ना?" ती म्हणाली. "नक्की ऐकू येत नाही ना?"

"अगं नक्की. मी मुद्दाम सांगेन का?"

ती तिथेच गाडीला टेकली आणि रडायला लागली. "मला वाटलं माझा कंटाळा आला यांना," ती म्हणाली. "मी रोज रात्री हाच विचार करत पडायचे, की आता या वयात याचं काय करायचं असतं."

भावोजींना पुढ्यात ताईची सावली हललेली दिसली असेल, ते वळले. तिचे डोळे बघून घाबरून माझ्याकडे बघायला लागले. "काय म्हणते?"

मी सांगणार होतो, पण ताईने मला हाताने बाजूला सारलं. ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, जिथून तिचं तोंड दिसेल अशी, पदराने नाक पुसलं आणि सगळं पहिल्यापासून परत म्हणाली. सावकाश, एकेक शब्द सुटा. हाका मारलेल्या. संध्याकाळी बडबडलेलं. कंटाळा. त्यांनी तिच्या ओठांवरची नजर काढली नाही.

"कंटाळलो तर आहे," ते म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, जरा जास्तच मोठ्याने. "पार दमलोय ग. पण तुला नाही."

ताई काहीतरी म्हणाली, ते मलाही ऐकू आलं नाही, पण त्यांना कळलं. ते उठले. सवयीने शेजारच्या सीटच्या दाराशी गेले, हात कडीवर ठेवला, आणि तिथेच थांबले. मग फिरून स्टिअरिंगच्या बाजूला आले आणि ते दार ताईसाठी मोकळं सोडलं.